सही जुळत नाही

“सही जुळत नाहीये, मॅडम.”

अण्णांना जाऊन तेवीस दिवस झाले होते. त्यांच्या खात्यातली शिल्लक माझ्या खात्यात वळती करायची म्हणून बँकेत गेले होते. पासबुक, मृत्यूचा दाखला, आधारची झेरॉक्स, वारसाचा अर्ज, सगळं एका प्लॅस्टिकच्या पाकिटात लावून नेलं होतं. काउंटरवरचा मुलगा तिशीचा असेल. त्याने अर्जावरची माझी सही पाहिली, संगणकावर काहीतरी उघडलं, पुन्हा अर्जाकडे पाहिलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवला. तिथे मी १९९३ साली केलेली सही होती. नोकरी लागल्यावर पगाराचं खातं उघडलं, तेव्हाची. चोवीस वर्षांच्या मुलीची सही. नाव, आडनाव पूर्ण, वर एका दमात ओढलेली शिरोरेघ. अर्जावरची सही मात्र दुसऱ्याच कुणा बाईची वाटत होती. शिरोरेघ दोन ठिकाणी तुटलेली, आडनावापर्यंत येता येता अक्षरं एकमेकांवर चढलेली. त्याने एक कोरा कागद पुढे केला. “इथं परत एकदा करून दाखवा.” केली. “अजून एकदा.” तीही केली. तिसऱ्यांदा पेन टेकवलं तेव्हा माझ्याच नावातली वेलांटी कुठून सुरू करायची, हे क्षणभर आठवेना. मागे रांगेत कुणीतरी घसा खाकरला. तिसरी सही पहिल्या दोन्हींपेक्षा वाईट आली. मुलाने तो कागद स्वतःकडे ओढला, त्याची घडी घातली आणि मला एक प्रश्न विचारला.

तो प्रश्न सांगते, पण त्याआधी अण्णांच्या डायऱ्यांबद्दल सांगायला हवं. त्या दिवशी घरी येऊन मी त्या माळ्यावरून काढल्या, आणि तेव्हापासून त्या दिवाणावर पसरलेल्याच आहेत.

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवतेय. अक्षर बघणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. वार्षिक परीक्षेचा गठ्ठा तपासायला बसलं की उत्तरापेक्षा आधी अक्षर बोलायला लागतं. पहिल्या पानावर पोरं बसून लिहितात, मधल्या पानांवर चालतात आणि शेवटच्या पानांवर धावत सुटतात. घाई झाली की सगळ्यात आधी जाते ती शिरोरेघ. मग काने तिरके होतात, मग ऱ्हस्व-दीर्घ वेलांट्यांमधला फरक मिटतो, आणि शेवटी अनुस्वार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. घाबरलेल्या पोराची घाई आणि वेळ कमी पडलेल्या पोराची घाई यांतही फरक असतो, असं मला वाटायचं. वेळ कमी पडलेल्याचं अक्षर मोठं होतं, पसरतं. घाबरलेल्याचं अक्षर जागच्या जागी कापतं. हात तसा प्रत्येकाचाच कापत असतो म्हणे. सेकंदाला आठ ते बारा वेळा इतका बारीक कंप अगदी धडधाकट माणसाच्या हातालाही असतो, फक्त तो डोळ्यांना दिसत नाही. भीती वाटली, राग आला, की रक्तात ॲड्रेनॅलिन वाढतं आणि तोच कंप कागदावर उमटायला लागतो. बँकेत माझं तेच झालं असणार. शिवाय आणखी एक गोष्ट झाली, जी मला नंतर कळली. सही आपण लिहीत नाही, ती हातातून आपोआप निघते. तिच्यावर लक्ष ठेवलं की ती अडखळते. संगणकाला जोडलेल्या पाटीवर माणसांना लिहायला लावून हे मोजलेलं आहे. ती पाटी पेनाच्या टोकाची जागा सेकंदाला शंभर-दोनशे वेळा टिपते. सहज लिहिताना अक्षराच्या एका वळणात वेग एकदाच चढतो आणि एकदाच उतरतो. तेच अक्षर नीट बघून, जपून लिहायला सांगितलं, की त्याच वळणात वेग चार-चार वेळा चढउतार करतो. हात ठेचकाळत चालतो. जिन्यावरून उतरताना प्रत्येक पायरीचा विचार करायला लागावं, तसं.

अण्णांचा हात कधी ठेचकाळला नव्हता. ते तलाठी होते. १९६४ ते २०००, अशी छत्तीस वर्षं तासगाव तालुक्यातल्या वेगवेगळ्या सजांवर, म्हणजे तलाठ्याच्या हद्दीतल्या गावांवर, त्यांनी सातबारे लिहिले, फेरफार नोंदी लिहिल्या. तेव्हा सगळं हातानेच. आज ज्यांच्या घरात संगणकाचा उतारा येतो, त्यांच्या जुन्या कागदांत माझ्या वडिलांचं अक्षर असेल, असं मला बसमध्ये शेजारी बसलेल्या अनोळखी शेतकऱ्याकडे बघूनही वाटतं. निळी-काळी शाई, जाड निबेचं पेन आणि खिशात टीपकागदाचा तुकडा. त्यांना त्यांच्या आजोबांनी मोडी शिकवली होती. मोडीत आधी पानभर आडवी रेघ ओढायची आणि मग हात न उचलता अक्षरं खाली लिहीत जायचं. बाळबोध, म्हणजे आपली नेहमीची देवनागरी, लिहितानाही अण्णांची ती सवय राहिली. कचेरीच्या कागदावर ते रीतसर प्रत्येक शब्दाची शिरोरेघ ओढायचे, पण घरच्या डायरीत आधी डावीकडून उजवीकडे एक लांब रेघ मारायची आणि मग तिला शब्द लटकवायचे. दोरीवर धुणं वाळत घालावं तसे. लहानपणी मी त्यांच्या शेजारी बसून ते बघायचे. रेघ ओढताना ते श्वास रोखायचे, आणि रेघ संपली की सोडायचे. अक्षर कसं असावं, यावर रामदासांनी दासबोधात एक अख्खा समास लिहिलाय, एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच. पहिलं अक्षर जसं काढलं तसंच ग्रंथ संपेपर्यंत यावं, सगळं एकाच टाकाने लिहिल्यासारखं दिसावं, असं त्यात म्हटलंय. अण्णांना तो समास पाठ होता. आणि त्यांचं अक्षर खरंच तसं होतं. १९८१ ची डायरी आणि २००४ ची डायरी शेजारी ठेवली, तर शाईच्या रंगावरून काय ते वय कळेल.

मी नववीत असताना कोकणातल्या काकांचं एक कार्ड आलं. पोस्टमनने दारातून टाकलं आणि ते पत्त्याची बाजू वर करून पडलं. अण्णांनी ते उचललं, उलटं न करता तसंच हातात धरून उभे राहिले आणि मग ओट्यावर बसले. आईला म्हणाले, “काकू गेल्या वाटतं.” आईने कार्ड घेऊन मागची बाजू वाचली. वर श्री नव्हता. काकू गेल्या होत्या. नंतर मी ते कार्ड, फाडून टाकण्याआधी, हातात घेऊन पाहिलं. पत्त्यात मला काहीच वेगळं दिसेना. अण्णांना विचारलं, तर म्हणाले, “तो पत्ता लिहिताना गावाच्या नावाखाली नेहमी दोन रेघा मारतो. आज एकही नाही.” एवढंच. पण त्या दिवसापासून माझ्या मनात एक पक्कं बसलं, की नीट बघणाऱ्याला अक्षरातून माणसाचं मन वाचता येतं, आणि ते आमच्या घरात येतं.

त्या समजुतीची किंमत अण्णांनी मोजली.

आई २०१२ च्या श्रावणात गेली. मी पंधरा दिवसांनी शाळेत रुजू झाले. आठवीच्या वर्गात फळ्यावर कविता लिहीत होते तेव्हा पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, “बाई, ओळ खाली चाललीय.” मागे सरून पाहिलं तर खरंच, प्रत्येक ओळ उजवीकडे जाता जाता उतरत गेली होती, शेवटची तर फळ्याच्या चौकटीला टेकली होती. एरवी माझी ओळ पट्टीने आखल्यासारखी यायची. मला त्या क्षणी रडू आलं नाही, उलट एक विचित्र समाधान वाटलं. मी घरी कुणापुढे रडले नव्हते, पण हात तरी रडला, असं काहीतरी. त्याच दिवाळीत अण्णांकडे गेले तेव्हा त्यांची डायरी टेबलावर उघडी होती. शिरोरेघ नेहमीसारखी पानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. पण तिला लटकलेली अक्षरं डावीकडे बऱ्यापैकी, मध्ये लहान, आणि उजव्या टोकाला तर तांदळाच्या कण्यांएवढी. दोरीवरचे कपडे आटत गेल्यासारखे. माझ्या पोटात कालवलं. मी मनाशी म्हटलं, अण्णा आतून मिटत चाललेत. पुण्याला भावाला फोन करून हेच वाक्य सांगितलं. वहिनीला सांगितलं. मैत्रिणीलाही सांगितलं. ते वाक्य मला चांगलं सुचलं होतं, आणि चांगलं सुचलेलं वाक्य माणूस खरं धरून चालतो.

मग पुढे जे जे दिसलं ते ते मी त्याच वाक्याखाली मांडत गेले. अण्णांचा आवाज बारीक झाला. बोलायला कुणी उरलं नाही, म्हणून. शर्टाच्या गुंड्या लावायला त्यांना वेळ लागायला लागला. आवरायची हौस गेली, म्हणून. एकदा गॅसवर दूध करपून घरभर धूर झाला आणि शेजारच्या खोलीत बसलेल्या अण्णांना वास आला नाही. लक्ष कशातच नाही, म्हणून. चालताना उजवा हात हलत नव्हता, तेही पाहिलं होतं मी. पण त्याचं काय करायचं ते न कळल्याने ते सोडून दिलं. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर ते दुधाचा, गॅसच्या टाकीचा, कामवाल्या मावशींच्या खाड्यांचा हिशेब लिहायचे. तिथल्या चौकोनात अक्षर लहानच काढावं लागतं, त्यामुळे तिथे काही खुपलं नाही. हात कापला असता तर आम्ही धावलो असतो. हात कापत नव्हता. मी त्यांच्यासाठी चष्म्याचा नंबर तपासून आणला, भजनी मंडळाच्या लोकांना घरी यायला सांगितलं, महिन्यातून दोनदा जाऊन राहायला लागले. एक गोष्ट केली नाही. अण्णा, अक्षर लहान का येतंय, असं विचारलं नाही. मला वाटायचं, उत्तर मला ठाऊक आहे, आणि ते विचारून त्यांच्या जखमेवरची खपली कशाला काढा.

त्याच सुमारास आमच्या शाळेत अक्षरावरून स्वभाव सांगणारे एक गृहस्थ आले होते. शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी आपापल्या अक्षराचे कागद दिले. माझ्याबद्दल ते म्हणाले, तुम्ही वरून कणखर आहात पण आतून हळव्या आहात, लोक तुमच्या चांगुलपणाचा फायदा घेतात. मी भारावून गेले. शेजारच्या बाईंनाही जवळजवळ हेच सांगितलं होतं, ते कानावर पडूनही भारावले. फ्रान्समध्ये मिशों नावाच्या एका धर्मगुरूने एकोणिसाव्या शतकात या विद्येला तिचं आजचं नाव दिलं, ग्राफॉलॉजी. तिच्यातले बरेचसे आडाखे रोमन लिपीवर बसवलेले आहेत, खालच्या रेघेवर उभ्या राहणाऱ्या अक्षरांवर, टी-च्या आडव्या दांडीवर आणि आय-च्या टिंबावर. आपली अक्षरं वरच्या रेघेला लटकतात, तिथे हे कसं लावायचं, हा प्रश्न मराठी शिकवणाऱ्या मला त्या दिवशी पडायला हवा होता. बरट्रम फोरर या मानसशास्त्राच्या शिक्षकाने १९४८ साली आपल्या विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं म्हणून वर्णन लिहून दिलं. सगळ्यांना एकच, भविष्याच्या पुस्तकातून उचललेलं. मुलांनी त्या वर्णनाच्या अचूकपणाला ५ पैकी सरासरी ४ च्या वर गुण दिले. स्वभाव सांगण्याच्या परीक्षेत अक्षरवाचन वारंवार नापास झालेलं आहे, हे मी आज स्पष्ट म्हणेन. पण म्हणून अक्षराचा आणि मनाचा संबंधच नाही, असं मुळीच नाही. जर्मनीतले मानसोपचारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कागदाखाली बसवायचा एक काटाच करून घेतला होता, लिहिताना पेनाचा दाब किती पडतो ते टिपणारा. रुग्णांना त्यावर लिहायला लावायचे. खोल उदासीत माणसाच्या सगळ्याच हालचाली मंदावतात, लिहिण्याचीही. उन्मादात अक्षर फुगतं, कागदाचा समास ओलांडून जातं. हे सगळं अवस्थेबद्दल आहे, आणि अवस्था बदलते. माझी चूक मात्र यापेक्षाही साधी होती. बदल झालाय, एवढंच अक्षर सांगत होतं. तो कशाने झालाय, ते मी माझ्या पदरचं घातलं.

२०१५ च्या जानेवारीत अण्णा अंगणात वळताना पडले. हाड मोडलं नाही, पण मिरजेच्या हाडांच्या डॉक्टरांनी त्यांना चालायला लावलं आणि म्हणाले, आधी न्यूरोच्या डॉक्टरांना दाखवा. त्या डॉक्टरांनी अण्णांच्या मनगटाची हालचाल करून पाहिली, बोटं उघडमीट करायला लावली आणि मग एक कोरा कागद देऊन म्हणाले, “काका, तुमच्या मनात येईल ते एकच वाक्य पाच वेळा लिहा.” अण्णांनी आधी शिरोरेघ ओढली. श्वास रोखून. लिहिलं: आज हवा स्वच्छ आहे. पाचव्या ओळीतलं “आहे” वाचायला डॉक्टरांनी कागद खिडकीशी नेला. “पूर्वीचं काही लिखाण आहे का यांचं?” त्यांनी विचारलं. आहे का! दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरून डायऱ्या नेल्या. त्यांनी त्या टेबलावर ओळीने मांडल्या, २०१५ पासून मागे मागे जात उघडल्या आणि एका पानावर बोट ठेवलं. “इथपासून सुरू झालंय बघा.” ते पान २०११ च्या मे महिन्यातलं होतं.

आई तेव्हा हिंडतीफिरती होती. त्या पानावर तिने घातलेल्या कैरीच्या लोणच्याची नोंद आहे.

कंपवात, पार्किन्सन. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली या आजारावर पहिला निबंध लिहिला, त्यातही रोग्याला लिहिणं अवघड होत जातं हे नोंदलेलं आहे. मेंदूच्या तळाशी डोपामिन तयार करणाऱ्या पेशी झिजत जातात आणि हालचालीचं माप चुकायला लागतं. हाताला वाटतं आपण पुरेसं मोठं अक्षर काढतोय, पण ते लहान येतं, आणि ओळ पुढे जाईल तसं आणखी लहान. पाऊल आखूड पडतं, आवाज बारीक होतो, चेहरा हलेनासा होतो, ते सगळं याच मापाचं. वास जाणं हे तर फार आधीचं लक्षण. सगळ्यांचेच हात कापतात असं नाही, आणि कित्येकांच्या बाबतीत कंपाआधी अक्षर बदलतं. डॉक्टर हे सगळं शांतपणे सांगत होते आणि मी दूध करपल्याच्या दिवसापर्यंत जाऊन पोहोचले होते. मी विचारलं, म्हणजे आईच्या जाण्याचा याच्याशी काही संबंध नाही? ते जरा थांबले. म्हणाले, तसंही म्हणता येणार नाही. या आजारात उदासी पुष्कळांना येते, कधी कधी हालचालींच्या त्रासाच्या आधीच येते, ती या आजाराचाच भाग असते. त्यात बायको गेली. कुठलं कशाचं ते वेगळं काढता येत नाही. हे ऐकून मला हायसं वाटलं की आणखी वाईट, हे अजूनही ठरवता येत नाही. मी पूर्ण चुकले नव्हते. पण अर्ध्या बरोबर उत्तरावर मी सव्वादोन वर्षं काढली होती, आणि ती वर्षं औषधाविना गेली होती ती त्यांची.

गोळ्या सुरू झाल्या. त्यातलं मुख्य औषध लेव्होडोपा. पावसाळ्यानंतर बांधावर जिच्या शेंगांचं कूस अंगाला लागलं की माणूस खाजवून वेडा होतो, त्या खाजकुइलीच्या बियांतही हेच द्रव्य असतं. अण्णांना या माहितीने मोठी गंमत वाटली. सजावर हिंडताना त्यांनी ती शंभर वेळा अंगाला लावून घेतली होती. गोळी घेतल्यावर तासाभराने त्यांचा हात सुटायचा, पुढच्या गोळीची वेळ जवळ आली की पुन्हा आखडायचा. एकाच दिवसाच्या नोंदीत दोन माणसांची अक्षरं दिसावीत, असं व्हायचं. डॉक्टरांनी सांगितलं, रेघांच्या वहीवर लिहू द्या, रेघ दिसली की हाताला माप मिळतं. मी दुकानात जाऊन दुरेघी वही आणली, पहिलीच्या मुलांची, कव्हरवर सशाचं चित्र असलेली. देताना मला संकोच वाटला. ज्या माणसाने मला दुरेघीवर अ गिरवायला शिकवलं, त्याच्यापुढे ती ठेवताना. अण्णांनी वही उघडली, दोन रेघांमधल्या जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “बरोबर आहे. बांध घातल्याशिवाय पाणी राहत नाही.” त्या दुपारी त्यांनी लिहिलेली अक्षरं वरच्या रेघेपासून खालच्या रेघेपर्यंत पोहोचलेली आहेत. प्रत्येक. मी मोजलीत.

यातली एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली आणि तिच्यापाशी मला आजही थांबायला होतं. माझं अक्षर त्याच्याकडे लक्ष दिलं की बिघडतं. अण्णांचं उलट होतं. मोठं काढा अण्णा, असं म्हटलं, त्यांनी मनाशी धरलं, की ते मोठं यायचं. मन दुसरीकडे गेलं की लहान. आपोआप चालणारी वाट बंद झाली होती, म्हणून ते प्रत्येक अक्षर मुद्दाम, ठरवून, स्वतः काढत होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, प्रत्येक काना म्हणजे एक निर्णय. भावाचा मुलगा सुटीत यायचा, तो शेजारी बसून तसलीच दुरेघी घेऊन लिहायचा, तेव्हा अण्णांचं पानच्या पान चांगलं जायचं. मी चष्मा लावून वाकून बघायला लागले की मात्र ओळीच्या मध्यावरच आकसायचं. ताणाने या आजारातलं सगळंच वाढतं. ते कधी काही बोलले नाहीत, पण मी हळूहळू लांब बसायला शिकले.

आणि विचारायलाही. दोन वर्षांपूर्वी नववीतल्या एका मुलाची वही हातात आली. अक्षर इतकं दाबून काढलेलं, की पानाच्या मागच्या बाजूवरून बोट फिरवलं तर ओळी हाताला लागत होत्या, आणि दोन-तीन ठिकाणी कागद फाटला होता. पूर्वीची मी असते तर लगेच म्हटलं असतं, पोराच्या मनात राग साठलाय. त्याला मधल्या सुट्टीत बोलावलं आणि फक्त विचारलं, एवढं दाबून का लिहितोस रे? तो म्हणाला, “रिफिल संपत आलीय, बाई. दाबल्याशिवाय उमटत नाही.” मी माझ्याकडचं पेन दिलं. दुसऱ्या दिवशी विचारलं, नवी रिफिल का नाही घेतलीस? तेव्हा मग तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग घरचं सांगायला लागला. ते इथे लिहिणार नाही, ते त्याचं आहे.

२०२२ मध्ये अण्णांच्या सह्या बँकेतून परत यायला लागल्या आणि शेवटी अंगठा लावायचं ठरलं. जुन्या दस्तऐवजात लिहिणाऱ्याच्या नावापुढे “दस्तुर” असायचं, म्हणजे अमक्याच्या हातचं. ज्याने स्वतः लिहिलं, तो “दस्तुरखुद्द”. अण्णांनी आयुष्यभर लिहिता न येणाऱ्या शेतकऱ्यांचे अंगठे घेतले, शाईचं पॅड पुढे धरून, त्यांचं बोट आपल्या हातात घेऊन. आणि प्रत्येक ठशाशेजारी आपल्या अक्षरात लिहिलं, निशाणी डावा अंगठा. त्या दिवशी बँकेच्या साहेबांनी घरी येऊन अण्णांचा अंगठा घेतला. ठसा स्वच्छ उमटला, एकही रेघ पुसट नाही. शेजारी लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी पेन उघडलं तेव्हा अण्णा बारीक आवाजात म्हणाले, “निशाणीतला ‘णी’ दीर्घ.” मराठीच्या शिक्षिकेला. मी लिहिलं, त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला आणि मान हलवली. अंगठ्याची शाई पुसायला मी ओला रुमाल दिला, तो त्यांनी बाजूला ठेवला. संध्याकाळपर्यंत तो निळा अंगठा तसाच होता.

दुरेघी वह्या एकूण नऊ झाल्या. शेवटच्या वहीत पाच पानं भरलेली आहेत, त्यानंतर अण्णांनी लिहिणं सोडलं. शेवटच्या नोंदीत तारीख आहे, “पाऊस नाही” आहे, आणि पुढे एक लांब शिरोरेघ ओढलेली आहे, पानाच्या टोकापर्यंत. तिच्याखाली काही लिहिलेलं नाही. ती सरळ आहे.

तर बँकेतला तो मुलगा. माझ्या तीन सह्यांच्या कागदाची त्याने घडी घातली, रांगेकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “मॅडम, काय झालंय? बरं आहे ना तुम्हाला?” त्याला अर्जावरून कुणीतरी वारलंय, हे कळलेलंच होतं. तो त्यावरून समजून घेऊन मोकळा होऊ शकला असता. मी त्याला सांगितलं. वडील गेले हे सांगितलं, आणि मग, का कुणास ठाऊक, ते तलाठी होते हेही सांगितलं, अक्षराचं सांगितलं, दुरेघीचंही. मागची रांग थांबली होती. त्याने नमुना सहीचा नवा फॉर्म काढला, तीन कोरे चौकोन असलेला, आणि तो माझ्या हातात देत म्हणाला, “हा घरी घेऊन जा. घाई नाही.”

फॉर्म डायऱ्यांशेजारी दिवाणावरच आहे. काल रात्री पट्टी घेऊन मी पहिल्या चौकोनात पेन्सिलीने दोन पुसट रेघा आखल्या.